१ मेच्या आधी एक संध्याकाळ आम्हाला द्या

सोलापुरातल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना एका आईचं खुलं पत्र

आदरणीय सर, मॅडम आणि समितीवरच्या माझ्या आया-बापांनो,

नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते. घरात दोन मशीन आहेत, एक साधं शिलाईचं आणि एक ओव्हरलॉक. कारखान्यातून कटिंग झालेला शाळेच्या गणवेशाचा माल आणायचा, शिवायचा, डझनावर मोजून परत द्यायचा, हे माझं काम. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की आमचा सीझन चालू होतो. आधी कर्नाटकचा माल, कारण तिथल्या शाळा जूनच्या तोंडावरच उघडतात. मग तेलंगणाचा, तो १२ जूनच्या आत पोचला पाहिजे. मग आपला, आणि विदर्भाचा सगळ्यात शेवटी, कारण उन्हामुळे तिकडची शाळा जून सरता सरता भरते. मार्चमध्येच मला ठाऊक असतं की मी कधी न पाहिलेल्या एखाद्या गावात येत्या जूनला पहिलीच्या मापाचे किती डझन शर्ट लागणार आहेत.

आणि माझी मुलगी ज्या शाळेत जाते ती घरापासून पाच मिनिटांवर आहे. तिथे येत्या जूनला काय होणार, हे एप्रिल संपला तरी मला कळत नाही. तिला कोण शिकवणार, शिक्षक पुरेसे आहेत का, गणवेश कधी मिळणार, शेजारच्या वर्गाचं गळणारं छत दुरुस्त होणार का, कशाचाच पत्ता नसतो. सगळं १५-१६ जूनला गेटवर उभं राहूनच कळतं. कोणावर राग काढायला मी हे लिहीत नाही. एक संध्याकाळ मागायला लिहिते आहे.

१ मेला आमच्याकडे काय होतं ते सांगते. तुमच्याकडेही बहुतेक हेच होत असेल. सकाळी झेंडावंदन, राज्यगीत, मग मुलं वर्गात बसतात आणि पालक व्हरांड्यात रांगेनं उभे राहतात. मॅडम एकेक नाव पुकारतात. प्रगतिपुस्तक हातात येतं, सही करायची, "हुशार आहे, घरी वाचन घ्या" एवढं ऐकायचं आणि पुढच्या पालकाला जागा द्यायची. नऊ-साडेनऊला गेटला कुलूप. दहा महिन्यांची शाळा आणि तिची बातमी दोन मिनिटांत.

मागच्या वर्षी माझ्या पुढे रांगेत एक विडी कामगार बाई होती. जिन्यात तिनं मला थांबवलं आणि प्रगतिपुस्तक उघडून विचारलं, "अक्का, हे क-१ म्हणजे पास ना?" मी म्हटलं, पास आहे, ५१ ते ६० टक्क्यांत आहे. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग उरलेलं काय आलं नाही तिला?"

मला उत्तर देता आलं नाही. पण उत्तर शाळेत होतं. वर्गशिक्षिकेच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी असतात. ही मुलगी जोडाक्षरांवर अडखळते, हिला हातच्याची बेरीज येते पण वजाबाकीत हातचा घेताना गोंधळते, हा मनातलं छान सांगतो पण लिहायला बसला की दोन ओळीत संपवतो. वर्षभर चाळीस पोरांत उभं राहून मॅडमनी हे टिपलेलं असतं. हीच तर खरी बातमी. ती कपाटात राहते आणि आईच्या हातात येतं एक अक्षर आणि एक आकडा. जूनमध्ये वर्ग बदलतो, शिक्षिका बदलते, आणि नव्या मॅडमना ऑगस्ट उजाडेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो की ही पोरगी नेमकी कुठे अडते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात कलम २४ आहे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगावी, असं त्यात लिहिलेलं आहे. कायद्याला सांगणं अपेक्षित आहे. नुसतं पुस्तक हातात देणं म्हणजे सांगणं नव्हे.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती न सांगता तुम्हाला काही मागणं बरं दिसणार नाही.

मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात असा कायदा आहे, म्हणून एका सकाळी गेटवर मला विचारलं गेलं, "ताई, तुमचं नाव टाकू का?" मी हो म्हटलं. मला वाटलं, हळदीकुंकवाला बोलावतात तसं काहीतरी असेल. त्यानंतर दर महिन्याला इतिवृत्ताचं रजिस्टर मुलीच्या हातून घरी यायचं, "मम्मी, मॅडमनी सही मागितली." मी पायटा थांबवून सही करायची आणि पुन्हा मशीन चालू. असं वर्षभर चाललं. सभा झाली की नाही हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही. दोष दोन्हीकडचा आहे.

एकदा वीज गेली होती. मशीन बंद, रजिस्टर समोर, म्हणून मागची पानं उलटली. तिथे शाळा विकास आराखडा 'सर्वानुमते मंजूर' केलेला होता आणि खाली माझी सही होती. मी तो आराखडा पाहिलेलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मागितला. मॅडमनी काढून दिला, त्यांनी काही लपवलं नाही, उलट त्यांना बरं वाटलं की कोणी तरी विचारलं.

हा आराखडा म्हणजे काय, हे समितीवरच्या माझ्यासारख्यांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. कायद्याच्या कलम २१ आणि २२ प्रमाणे तो तयार करायचं काम समितीचं आहे. तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षावर्षाचे भाग असतात. येत्या वर्षात कुठल्या वर्गात किती मुलं असतील याचा अंदाज, त्याप्रमाणे किती शिक्षक लागतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांची गरज, आणि त्याला लागणारा पैसा. पालकांतून निवडलेल्या अध्यक्षाची त्यावर सही असते आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत तो वर पाठवायचा असतो. सरकार आणि महापालिका जे अनुदान देतात त्याला पाया हाच कागद असावा, असं कायद्याचं म्हणणं आहे. म्हणजे शिलाईच्या भाषेत सांगायचं तर ही मापाची वही आहे. माप चुकलं की पुढे कटिंग, शिलाई, काज-बटण कितीही नीट करा, कपडा अंगाला बसत नाही.

आमच्या आराखड्यात माप चुकलेलं होतं. पुढच्या तीन वर्षांचा पट जवळजवळ या वर्षीच्या पटाएवढाच धरला होता. आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं की हे खरं नाही. कारण आमच्या गल्लीतली माणसं रे नगरला चालली आहेत.

सोलापूरकरांना रे नगर काय ते सांगायला नको, तरी बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीजवळ विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, फेरीवाले, रिक्षावाले अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहिली आहे. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. पिढ्यानपिढ्या दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं काढलेल्या लोकांना स्वतःचं घर मिळालं. माझ्या नणंदेलाही मिळालं, आणि त्या दिवशी आमच्या सासूबाई दारात बसून रडल्या. आनंदाचीच गोष्ट आहे ती.

पण घर बदलतं तेव्हा शाळाही बदलते, आणि ते शाळेच्या कागदावर कुठेच नसतं. लोक सामान हलवतात ते मे महिन्यात, कारण मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. शाळा तेव्हा बंद असते. जूनमध्ये शहरातल्या शाळेत बाक रिकामे दिसतात आणि तिकडच्या शाळेत मुलं दाटीवाटीनं बसतात. पुढे ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं, कुठे शिक्षक जास्त ठरतात आणि कुठे कमी. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन असा हिशेब आहे. एका गल्लीतली तीन घरं कुठे जातात यावर एका वर्गाला बाई मिळणार की नाही हे ठरू शकतं. आणि त्या तीन घरांना एप्रिलमध्ये कोणी विचारतसुद्धा नाही की बाबा, जूनला तुम्ही इथे आहात का?

माझ्या भाच्याचं काय झालं ते लिहिते. शाळांची नावं घेत नाही, कारण हे कुठल्याही दोन शाळांत होऊ शकतं. नणंदेनं मेमध्ये घर हलवलं. जूनमध्ये नव्या शाळेत गेली तर म्हणाले, आधी दाखला आणा. जुन्या शाळेत गेली तर दाखला लिहिणारे सर प्रशिक्षणाला गेलेले. मग आधारवरचं नाव आणि रजिस्टरवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला, आमच्या तेलुगू आडनावांत तो निघतोच. नणंद विड्या वळते. एक खेप म्हणजे तिचा अर्धा दिवस आणि रिक्षाचं भाडं. तिनं चार खेपा केल्या आणि मग दमून सोडून दिलं. पोरगं गणपती उठेपर्यंत घरी बसलं. तिसरीतलं पोर ते, चांगलं वाचायला लागलं होतं. आईच्या शेजारी बसून विड्यांना दोरा गुंडाळायला शिकलं.

मला नंतर कळलं की त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये हे सरळ लिहिलं आहे: दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. कायदा आमच्या बाजूनं होता आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या शेवटी शाळेत एक सभा झाली असती, "कोण कोण जाणार आहे, हात वर करा" एवढं विचारलं गेलं असतं, तर १ मेला प्रगतिपुस्तकासोबतच त्याचा दाखला हातात मिळाला असता. नावातली चूकही तेव्हाच दुरुस्त झाली असती. आणि दाखल्याला जोडून वर्गशिक्षिकेनं एक साधं पान दिलं असतं, याला काय येतं आणि याचं काय राहिलं आहे, तर नव्या शाळेत तो अनोळखी पोरगा म्हणून मागच्या बाकावर बसला नसता.

म्हणून माझी पहिली मागणी हीच. जाणाऱ्या आणि येणाऱ्या मुलांची यादी सुट्टीच्या आधी करा. समितीतल्या आम्हा बायकांना गल्ल्या वाटून द्या. कोणाच्या घरी चावी आली आहे, कोण पोराला गावी आईकडे ठेवायला निघालंय, कोणाचं पोर अंगणवाडीतून पहिलीत यायचं आहे, हे आम्हाला सरकारी पोर्टलपेक्षा आधी कळतं.

आता सभेच्या वेळेबद्दल. आमच्याकडे पालक सभा घेतली जाते ती मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराला. त्या वेळी विडी कामगार बाई आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात रांगेत उभी असते. तिथे मोजणी होते, खराब विड्या बाजूला काढल्या जातात, मग दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू घेऊन ती घरी परतते. ती रांग सोडली तर त्या दिवसाची मजुरी गेली. यंत्रमागावरचा बाप एकतर पाळीवर असतो नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला असतो. मग सभेला सात-आठ जण येतात आणि रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, 'पालकांची उदासीनता'. हा शब्द वाचून मला फार लागलं. हजार विड्या वळून, त्या पैशातून पोरासाठी कंपास विकत घेणारी बाई उदासीन नसते हो. तिला अकरा वाजता येता येत नाही.

आमच्या लोकांना बोलावलं की ते येतात, हे तुम्हीही पाहिलं आहे. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल'चे मेळावे होतात. शाळेत टेबलं मांडलेली असतात, मूल एकेका टेबलावर जातं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं, दोरीवरून उडी मारतं, गोष्ट सांगतं, आणि आई सोबत असते. आमच्या शाळेत त्या दिवशी बायका ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. गेटपासून वर्गापर्यंत रांगोळी आम्हीच काढली. एका आजीनं स्वतःच टेबलावरचे मणी मोजायला घेतले, तेलुगूत, आणि नातू मराठीत मोजत होता. मॅडमनी दोघांनाही शाबासकी दिली. पहिलीत येणाऱ्या मुलासाठी हे जमतं, तर तिसरीतून चौथीत जाणाऱ्या मुलासाठी का जमू नये?

भाषेचंही तसंच आहे. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, मागच्या बोळात उर्दू. आपल्या महापालिकेच्या शाळाही मराठी धरून या चारही माध्यमांत चालतात, हे सोलापूरचं वैभव आहे. पण मराठी माध्यमाच्या शाळेत पालक सभा होते ती पुस्तकी मराठीत, आणि घरी दुसरी भाषा बोलणारी आई मान हलवत बसते. तिला काही विचारायचं असतं, पण सगळ्यांसमोर मोडकं मराठी बोलायची लाज वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले म्हणून त्यांचं नाव सगळीकडे झालं, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या घरच्या भाषेत नेला. तेवढं मोठं काम मी मागत नाही. मॅडमनी मराठीत सांगावं, मी तेलुगूत सांगेन, कन्नड सांगणारी एक आई आहे, उर्दू सांगणारे एक रिक्षावाले भाऊ आहेत. सभा अर्धा तास लांबेल, पण बायका बोलतील.

गणवेशाबद्दल मला बोलायलाच हवं, कारण त्यात मला चार गोष्टी कळतात. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच रंगाचा गणवेश, त्याचं कापड एकाच ठिकाणाहून घेऊन, महिला बचत गटांकडून शिवून द्यायचं ठरलं आणि कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. मग डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलला आणि गणवेश घ्यायचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. म्हणजे आपल्याकडे. आता उशीर झाला तर बोट दाखवायला कोणी नाही. माझं सांगणं एवढंच की मापं एप्रिलमध्ये घ्या. परीक्षा संपल्यापासून १ मेपर्यंत चार-पाच दिवस मुलं असतात, तेव्हा टेप घेऊन आम्ही दोघी-तिघी येतो. वाढत्या अंगाचं माप कसं घ्यायचं ते आम्हाला ठाऊक आहे: उंचीला दोन बोटं जास्त, खाली दुमड मोठी ठेवायची, म्हणजे दिवाळीनंतर उसवून सोडता येते. कापडाचा निर्णय मेच्या पहिल्या आठवड्यात झाला तर जूनच्या पहिल्या दिवशी गणवेश मुलाच्या अंगावर असेल. जूनमध्ये निर्णय घेतला तर या शहरातलं एकही मशीन रिकामं नसतं. अख्ख्या देशात पोरांचे गणवेश पाठवणाऱ्या सोलापुरात सोलापूरचीच पोरं जुना, कोपरावर फाटलेला शर्ट घालून पहिल्या दिवशी जातात, हे मला बघवत नाही.

पाचवीच्या पालकांसाठी एक गोष्ट वेगळी आणि तातडीची आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल उत्तीर्ण झालं नाही तर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि तीही जमली नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. ही फेरपरीक्षा येते ती सुट्टी सरता सरता. ज्या घराला हे १ मेला कळतं ते घर २ मेला गावाला निघून गेलेलं असतं. तशा मुलांच्या आई-बापांना एप्रिलमध्येच बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, नीट समजावून सांगा की कुठला विषय, कुठला धडा, सुट्टीत कोण मदत करणार.

आणि पुस्तकं. आमच्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. चांगली पुस्तकं आहेत, चित्रांची, रंगीत. २ मेला त्याला कुलूप लागतं आणि दीड महिना ती पुस्तकं अंधारात राहतात. बाहेर ४२-४३ अंश ऊन असतं. सकाळी अकरानंतर पोरांना घराबाहेर सोडता येत नाही. ती पत्र्याच्या खोलीत मोबाइल बघत पडून राहतात, किंवा आईच्या सुपाशेजारी बसून कामाला लागतात. जूनमध्ये येताना अर्धं वाचन विसरून येतात, आणि मग पहिले दोन महिने मॅडम मागचंच शिकवत बसतात. कपाट उघडा. एकेका मुलाला तीन पुस्तकं नाव लिहून द्या. काही हरवतील, काहींची पानं सुटतील. मला कळतं की हिशेब तुम्हाला द्यावा लागतो, साठा रजिस्टर तुमच्या नावावर आहे. म्हणून समितीत तसा ठराव घेऊ, की सुट्टीत गहाळ झालेल्या पुस्तकांची जबाबदारी समितीची. मी त्या ठरावावर सही करेन, यावेळी वाचून. कटिंगमधून उरलेल्या कापडाच्या पिशव्याही शिवून देईन, म्हणजे पुस्तकं मळणार नाहीत. पन्नास-साठ पिशव्या माझ्याकडे आताच तयार आहेत.

पाण्याचं दोन ओळीत सांगते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. दीड महिना कोरड्या पडलेल्या शाळेच्या टाकीत जूनच्या पहिल्या दिवशी पाणी नसतं, म्हणून स्वच्छतागृह बंद असतं, म्हणून चौथी-पाचवीच्या मुली दुपारी घरी येतात त्या परत जात नाहीत. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी टाकी धुऊन भरायची, हे काम आजच कोणाच्या तरी नावावर लिहा.

सर, मॅडम, मला ठाऊक आहे की एप्रिल तुमच्यासाठी सोपा महिना नाही. पेपर तपासायचे, निकालपत्रकं, ऑनलाइन नोंदी, आधारच्या दुरुस्त्या, पोषण आहाराचा हिशेब, त्यात सकाळची शाळा. आमच्या मुलीच्या मॅडम रात्री अकरा वाजता माहिती भरत बसतात, मी त्यांचा मोबाइलवरचा निरोप पाहिला आहे. त्यांच्यावर आणखी एक कार्यक्रम लादायचा नाही. हारतुरे नकोत, पाहुणे नकोत, फोटोसाठी बॅनर नको. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक संध्याकाळ, सात ते नऊ, मैदानात सतरंजी. वर्षभरात शाळेत काय चांगलं झालं आणि काय राहिलं ते मुख्याध्यापकांनी सांगावं. आराखडा मोठ्यानं वाचून दाखवावा, आकड्यांसकट. मग ज्या त्या वर्गशिक्षिकेनं आपल्या वर्गाच्या आयांना घेऊन बसावं आणि प्रत्येक मुलाबद्दल दोनच वाक्यं सांगावीत: याला हे येतं, आणि सुट्टीत याच्याकडून एवढं करून घ्या. निरक्षर आई काय करून घेणार, असं म्हणू नका. ती पोराला शेजारी बसवून रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावू शकते. शब्द तिला कळले नाहीत तरी पोरगं कुठे अडखळतं ते तिच्या कानाला कळतं.

समितीवरच्या मैत्रिणींनो, तुम्हालाही एक विनंती. रजिस्टर घरी आलं तर सही करू नका, शाळेत जाऊन वाचा आणि मग करा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. मॅडम नाही म्हणत नाहीत. मीच वर्षभर विचारलं नव्हतं.

आमच्या शाळेला हे सगळं मी तोंडी सांगितलं आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघू, वेळ काढू." तारीख अजून ठरलेली नाही. मी मात्र कारखान्यात सांगून ठेवलं आहे की २४ ते ३० एप्रिल संध्याकाळी सातनंतरचा माल माझ्याकडे देऊ नका. सीझनच्या भरात असं सांगणारी मी एकटीच असेन, पण शेठ हो म्हणाले. मॅडम, कुठलीही संध्याकाळ ठरवा, मुलीच्या वहीत लिहून पाठवा. सतरंज्या आम्ही आणतो.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीवरची एक आई
पूर्वभाग, सोलापूर